ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला निकाल



आजचा विषय कचेरीतला आहे, पण सुरुवात घरच्या खेळाने करू. रात्रीची जेवणे आटोपली की घरातल्या माणसांचे दोन गट करा. एका गटाला कागदावर लिहून दाखवा : ८ गुणिले ७ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १. दुसऱ्या गटाला तेच आकडे उलट्या क्रमाने द्या, १ पासून ८ पर्यंत. एकाने दुसऱ्याचा कागद पाहायचा नाही. पाच सेकंद मोजा आणि अंदाजाने उत्तर सांगायला लावा.

आमच्या घरी हा खेळ झाला तेव्हा आठपासून सुरुवात करणारी पोरे हजारांत बोलली आणि एकपासून सुरुवात करणाऱ्या सौभाग्यवती 'चारशे' म्हणून मोकळ्या झाल्या. खरे उत्तर ४०,३२० आहे. कोणीच त्याच्या आसपास नव्हते. पण आकडे तेच असून एक गट वर गेला, दुसरा खाली राहिला. हा खेळ आमच्या डोक्यातला नव्हे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो शाळेतल्या मुलांवर करून १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आठपासून वाचणाऱ्यांचे मधले उत्तर २,२५० आले आणि एकपासून वाचणाऱ्यांचे ५१२. पुढे २००२ साली कानेमान यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की तोवर वारले होते. कानेमान २०२४ साली गेले.

पहिला दिसलेला आकडा मनात खुंटीसारखा ठोकला जातो, आणि दावणीच्या बैलासारखे आपले डोके त्या खुंटीभोवती फिरत राहते. आम्ही बी. कॉम. झालेलो, आकडेमोडीत स्वतःला शहाणे समजणारे. पण आमचेही डोके असेच एका खुंटीभोवती फिरले आणि त्याची किंमत आमच्याच वस्तीतल्या एका घराने मोजली. ती हकीकत आज सांगायची आहे. बरीच वर्षे ती पोटात ठेवली होती.

साल २०१७. आमच्या कचेरीत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते. सेवापुस्तक पडताळणीला गेले आणि आक्षेप लागून परत आले. २००८ साली मामांना आश्वासित प्रगती योजनेचा लाभ एक वर्ष आधीच दिला गेला होता. चूक कचेरीची. मामांना तर त्या योजनेचे नाव नीट उच्चारता येत नसे. नऊ वर्षांचा हिशेब काढला तेव्हा जादा दिलेली रक्कम एक लाख बारा हजारांवर गेली. आस्थापनेचे टेबल आमच्याकडे होते. आम्ही टिपणी लिहिली : 'अतिप्रदान रक्कम उपदानातून वसूल करण्यास हरकत नसावी.' यापूर्वीच्या टिपण्याही अशाच असत. जुनी फाईल काढायची, नाव बदलायचे, आकडा बदलायचा. वीस मिनिटांचे काम.

आवक-जावकच्या टेबलावर तेव्हा एक मुलगी नवीन लागली होती. वडील याच खात्यात असताना वारले, म्हणून अनुकंपावर आली. दिवसा डाक नोंदवायची, रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. फाईल नोंदवताना तिने टिपणी वाचली असावी. चहाच्या वेळी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा एक निकाल आहे ना? वर्ग तीन आणि चारच्या लोकांकडून अशी वसुली करता येत नाही म्हणून?"

आम्ही काय म्हणालो ते आजही कानात आहे. "बाई, कोर्टाचे निकाल कोर्टात. इथे जीआर चालतो." सगळे हसले. ती गेली आणि पुन्हा बोलली नाही.

बडे बाबू समोरच्याच खुर्चीवर होते. तेहतीस वर्षांची नोकरी, खात्यातला चालता-बोलता कायदा. ते हसले नाहीत आणि बोललेही नाहीत. पान चघळत राहिले.

मामांना बोलावून समजावले. ते म्हणाले, "तुमी म्हणता तं बराबरच असन. कुठं सही करू?" सही झाली. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि फोटोची फ्रेम घेऊन मामा घरी गेले. पैसे हातात आले तेव्हा एक लाख बारा हजार कमी. त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. निवृत्तीच्या पैशांतून मोठ्या मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे, उरलेल्यातून पोराची फी आणि खोलीचे भाडे, असा मामांचा हिशेब होता. कर्ज फिटले. पोराने कॉलेज सोडले आणि गोदामात हमालीला लागला.

२०१८ साली बडे बाबू निवृत्त झाले आणि त्यांचा कार्यभार आमच्याकडे आला. ड्रॉवरची किल्ली मिळाली. आत जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे नीट लावून, सुतळीने बांधून ठेवलेले. दुसऱ्याच गठ्ठ्यात तो निकाल होता. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०१४. समासात लाल पेनाने खुणा केलेल्या. बाबूंनी तो आमच्याआधी वाचला होता, समजून घेतला होता आणि बांधून ठेवला होता.

त्या निकालात पाच परिस्थिती सांगितल्या आहेत, ज्यांत कर्मचाऱ्याला चुकून जादा दिलेल्या पैशाची वसुली कायद्याने चालत नाही. कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल. तो निवृत्त झालेला असेल, किंवा वर्षभराच्या आत निवृत्त होणार असेल. जादा रक्कम वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल. कर्मचाऱ्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला गेला असेल. आणि वसुली इतकी अन्यायाची असेल की मालकाच्या हक्कापेक्षा तिचा जाच मोठा ठरावा. मामांना पहिल्या तीन तर सरळच लागू होत्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर हा निकाल वकिलाला किंवा संघटनेला जरूर दाखवावा. मात्र 'जादा दिलेले परत करीन' असे हमीपत्र आधी लिहून दिले आहे काय, हेही पाहावे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात अशा हमीपत्राच्या आधारावर वसुली योग्य ठरवली आहे. तो अधिकारी वर्गातला होता, हा फरकही ध्यानात ठेवावा.

आम्ही बाबूंच्या घरी गेलो. विचारले, "तुम्हाला माहीत होते, मग त्या दिवशी बोलला का नाही?" ते शांतपणे म्हणाले, "मला कोणी विचारलं? तुम्ही त्या पोरीला गप्प केलं, मी मध्ये कशाला पडू?" जरा थांबून म्हणाले, "आणि सगळंच सांगून टाकलं तर आपल्याला विचारायला कोण येईल?"

त्यांच्यावर रागावून घरी आलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हिशेब मांडला तेव्हा आमच्याच नावावर जास्त बाकी निघाली. बाबू गप्प बसले. आम्ही तर बोलणाऱ्याला गप्प केले होते.

असे का होते, याचा शोध घ्यायला लागलो तेव्हा कळले की हा रोग आमच्या कचेरीपुरता नाही. अमेरिकेची नासा ही संस्था घ्या. माणसे चंद्रावर पाठवणारी. तिथे शिकलेल्यांची वाण असेल असे कोण म्हणेल? २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही माणसे गेली. त्यांत एक शाळामास्तरीण होती. दोष होता रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कडीत. थंडीने रबर कडक होते, सांधा नीट बंद होत नाही आणि आतला धगधगता वायू बाहेर येतो. ही गोष्ट रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक होती. रॉजर बोजोले नावाच्या अभियंत्याने सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री टेलिफोनवर बैठक झाली. अभियंते म्हणाले, तापमान १२ अंशांच्या खाली असेल तर उडवू नका. नासाचा एक अधिकारी वैतागून म्हणाला, मग काय एप्रिलपर्यंत थांबू? कंपनीने फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली. वरिष्ठाने आपल्या अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितले, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. चार साहेबांनी मत दिले. अभियंते त्याच खोलीत बसले होते. त्यांना मत विचारलेच नाही. सकाळी यान उडाले तेव्हा तापमान २ अंशांच्या आसपास होते.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्री आकडे समोर होते, पण अर्धे. ज्या उड्डाणांत कडीला इजा झाली, तेवढ्यांचाच विचार झाला. त्यांत एक उड्डाण चांगल्या २४ अंशांवरचे होते. त्यावरून साहेब म्हणाले, थंडीचा संबंध दिसत नाही. जी उड्डाणे सुखरूप गेली ती हिशेबात घेतलीच नाहीत. पुढे चौकशी आयोगाने सगळी मांडली. १९ अंश किंवा त्याहून गरम असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा. १७ अंश किंवा त्याहून थंड असताना झालेल्या चारही उड्डाणांत इजा. शाळकरी मुलालाही दिसेल असे चित्र होते. ज्याला जे ठरवायचे आहे त्याला त्याच बाजूचे कागद सापडतात. आम्हालाही त्या दिवशी कपाटातून नेमक्या वसुलीच्याच जुन्या फाईली सापडल्या होत्या. वसुली रद्द झाल्याची फाईल कोणाकडे आहे काय, हे शोधायला आम्ही उठलोच नाही.

चॅलेंजरनंतर नासाने कान पकडले असतील असे वाटते ना? सतरा वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया उडाले. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा पाऊण किलोचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. फोम सुटणे नित्याचेच झाले होते. आजवर काही झाले नाही, म्हणजे आताही होणार नाही, असा समज रुजला होता. खालच्या अभियंत्यांनी पंखाची अवकाशातून छायाचित्रे घ्यावीत अशी मागणी एकदा नव्हे, अनेकदा केली. ती वर पोचून विरून गेली. एका अभियंत्याने तर कडक शब्दांत पत्र लिहिले आणि पाठवलेच नाही. साहेबांना ओलांडून कसे जायचे? १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात यान विखुरले आणि सात माणसे गेली. चौकशी मंडळाने लिहिले की फोमइतकाच दोष संस्थेच्या वागणुकीचा होता. दोन्ही वेळा साहेब अभियंत्यांना म्हणत होते, धोका आहे हे सिद्ध करा. वास्तविक, धोका नाही हे साहेबांनी सिद्ध करायला हवे होते. आमच्या कचेरीतही त्या मुलीने निकालाची प्रत आणून द्यावी, अशीच आमची अपेक्षा होती. वसुली कोणत्या अधिकाराने करतो, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

बैठकीत माहिती बाहेर का येत नाही यावर १९८५ साली गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस या दोघांनी एक प्रयोग केला. उमेदवार निवडायला बसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी माहिती वाटून दिली. काही सर्वांना सारखी, काही एकेकट्यालाच. सर्वांची शिदोरी एकत्र सोडली असती तर चांगला उमेदवार सहज ओळखता आला असता. पण मंडळी सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच घोळत राहिली. एकट्याजवळचे एकट्याजवळच राहिले. हे वाचून आम्हाला आमच्या जयंती मंडळाच्या बैठका आठवल्या. दोन तास कमानीवर चर्चा. आणि मंडपवाला गेल्या वर्षीच्या बिलावरून नाराज आहे ही गोष्ट एकालाच ठाऊक असते. तो ती निघताना चप्पल घालता घालता सांगतो.

आता एक अवघड प्रश्न. ती मुलगी अनुकंपाची नसती, एखाद्या मोठ्या घरातली, इंग्रजी बोलणारी असती, तर आम्ही तिला हसलो असतो काय? आम्हालाच आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत 'कोट्यातले साहेब' म्हणून ऐकावे लागले आहे. आम्ही काढलेली बेरीज दुसऱ्याकडून तपासून घेत. तेच आम्ही तिच्याशी केले. 'अनुकंपाची' हा शिक्का आम्ही तिच्या वाक्याच्या आधी वाचला. नावावरून आणि शिक्क्यावरून माणूस जोखण्याची खोड किती खोल आहे, हे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली दाखवून दिले. सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावांना बोलावणे अधिक आले, दलित आणि मुस्लिम नावांना कमी. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी शाळकरी मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी घातली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवताच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सोडवलेली कोडी कमी झाली. ज्याला वारंवार कमी लेखले जाते तो आपल्याजवळचे ज्ञानही बाहेर काढेनासा होतो. ती मुलगी दुसऱ्यांदा बोलली नाही याचा अर्थ आम्हाला हा प्रयोग वाचल्यावर लागला.

बाबूंनाही आम्ही सोडून देत नाही. ज्याच्याजवळ गुपित त्याला मान, हा कचेरीतला जुना धंदा आहे. शेकडो वर्षे ज्ञान बंद कपाटात ठेवून कोणी कोणावर राज्य केले, हे आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावे. पण आपल्यातलाच एखादा फिटर नव्या पोराला मशीनची खोड सांगत नाही, एखादी ताई बचत गटाचे खाते कसे चालते हे दुसरीला शिकवत नाही, तेव्हा त्यांच्या हातातही तीच किल्ली असते. भीती खरी आहे. शिकवले तर आपली गरज संपेल असे वाटते. कंत्राटी कामगाराला तर उद्याचीच शाश्वती नाही, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. कायम नोकरीवाल्यांनी मात्र ही सबब सांगू नये.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदानाचेही नियम ठाऊक होते. विनयात शलाका घेऊन मत देण्याच्या तीन रीती आहेत : गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून, आणि विवटक म्हणजे उघड. थोरल्यांच्या तोंडाकडे पाहून धाकटे मत बदलतात, ही गोष्ट त्या काळी ठाऊक असल्याखेरीज कानात मत सांगण्याची सोय कोण करील?

ही रीत आम्ही विहाराच्या समितीत सुरू केली आहे. बैठकीपूर्वी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले म्हणणे आणि 'मलाच ठाऊक असलेली एक गोष्ट' लिहायची. नावाची सक्ती नाही. मग चिठ्ठ्या वाचायच्या. पहिल्याच महिन्यात एका चिठ्ठीतून कळले की विहाराच्या वीजमीटरचे बिल वर्षभर शेजारच्या दुकानासकट येत होते! कचेरीत सर्वांत नवीन माणसाला आधी बोलायला सांगतो, आम्ही शेवटी बोलतो. जमते असे नाही. जीभ वळवळतेच. मागच्या महिन्यात दोनदा मध्येच बोललो आणि ज्या मुलीला एकदा हसलो होतो तिनेच हात वर करून आम्हाला थांबवले. आस्थापनेचे टेबल आता तिच्याकडे आहे. बाबूंचे गठ्ठेही सोडले. त्यांची यादी करून भिंतीवर लावली आहे, कोणीही प्रत काढून न्यावी.

मामांचे पैसे २०१९ साली परत मिळाले. टिपणी आम्हीच लिहिली, निकाल सोबत जोडून. पैसे घेताना मामा म्हणाले, "बरं झालं बाबू," आणि आम्हाला चहा पाजला. पोरगा मात्र कॉलेजात परत गेला नाही. आता टेम्पो चालवतो, लग्न झाले, एक लेक आहे. रविवारी विहारात भेटतो. गेल्या आठवड्यात त्याने मालकाने पगार कापल्याचा एक कागद आम्हाला दाखवला आणि विचारले, हे बरोबर आहे का काका. आम्ही दोनदा वाचला. मग म्हटले, आम्हाला नक्की ठाऊक नाही. उद्या अकरा वाजता कचेरीत ये, त्या ताईंना दाखवू.